गोव्यातल्या घराला थंडीत ऊब कशी आणावी?

साखळीची_सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

यंदा आम्ही साखळीजवळच्या गावी सासरच्या जुन्या घरात राहायला आलो. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मध्ये छोटं राजांगण (आतला उघडा चौक), पुढे पूर्वेला तोंड असलेली वसरी (ओसरी). पावसाळ्याआधी डागडुजी केली तेव्हा वसरीतला आणि माजघरातला लाल कोबा उखडून चकचकीत टाइल्स घातल्या. (निर्णय माझा नव्हता, एवढंच नोंदवून ठेवते.)

दिवसा घर छान असतं. पण तुळशीचं लग्न झाल्यापासून पहाटे तीन-चारला जे गार पडतं ते आठपर्यंत. सासूबाई पलंगावरून पाय खाली टाकायला राजी नसतात. सासऱ्यांना उजाडता-उजाडता वसरीत बसून पेपर वाचायचा असतो, ते कानटोपी घालून बसतात. संध्याकाळी सातनंतर जो तो आपापल्या खोलीत, आणि मधलं घर ओकंओकं.

हीटर नको. गावच्या विजेचा भरवसा नाही आणि सासऱ्यांना बिल दाखवायची माझी हिंमत नाही. विदेशी मासिकांतल्यासारखे फरचे गालिचे, पन्नास मेणबत्त्या वगैरेही नकोत; जूनमध्ये त्यांचं काय होईल ते गोव्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. आहे त्यात, थोड्या पैशांत काय करता येईल?

गारठलेला_नाशिककर

गोव्यात थंडी? आमच्या निफाडला पारा 5-6 अंशांवर आला की द्राक्षबागा वाचवायला रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. तुम्ही कानटोपीचं काय सांगताय. 😄

वाळपईचा_वाटाड्या

आला का नाशिककर! दरवर्षी डिसेंबरात हे वाक्य कुणीतरी लिहितंच.

अहो, आकडा लहान असला तरी अंगाला फरक कळतो. जानेवारीत पणजीत दुपारी 32 अंश आणि पहाटे 20. आत आमच्या सत्तरीत, धारबांदोड्याला, सांग्याला पहाट आणखी दोन-चार अंशांनी खाली. म्हणजे सकाळी शाल आणि दुपारी पंखा, एकाच दिवशी. आणि आमची घरं बांधलेलीच मुळी पाऊस नि उकाडा डोक्यात ठेवून. वारा खेळता राहावा म्हणून ठेवलेल्या सगळ्या फटी थंडीत आपल्यावर उलटतात.

घरात थर्मामीटर नसेल तर खोबरेल तेलाची बाटली बघा. 24 अंशांच्या आसपास ते गोठायला लागतं. ज्या खोलीत बाटली सकाळी पांढरी होते ती खोली म्हाताऱ्या माणसांना झोपायला नको, एवढं सोपं गणित.

आता वाऱ्याचं. समुद्राचं पाणी जानेवारीतही 27-28 अंशांवर असतं, म्हणून कळंगुट-कोलव्याकडच्यांना रात्री फार जाणवत नाही. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आमच्याकडे तो सह्याद्री उतरून येतो, गार आणि कोरडा. ओठ फुटतात ते त्यामुळेच. ऊन चढलं की तो उलटतो आणि समुद्राकडून यायला लागतो. म्हणून पूर्वेकडची दारं-खिडक्या रात्री आठ-नऊलाच बंद करायच्या आणि सकाळी ऊन पडलं की सताड उघडायच्या. लोक नेमकं उलटं करतात: रात्रभर “हवा हवी” म्हणून उघडी आणि सकाळी आठला थंडी वाजते म्हणून बंद.

अबोली

वाटाड्यांना +१. आमच्याकडे डोकं खोबरेलाने माखायचं तर बाटली आधी उन्हात ठेवायची, हा डिसेंबरातला नेम.

चिरेबंदी

घरं बांधणं-दुरुस्त करणं हाच धंदा असल्याने जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

सूनबाई, तुमच्या घराच्या भिंती ही तुमची सर्वात मोठी शेगडी आहे, फुकटची. चिऱ्याची जाड भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ते हळूहळू सोडते. त्यातही पश्चिमेची भिंत दुपारनंतरचं तिरपं ऊन खाते, म्हणून पश्चिमेकडची खोली रात्री सर्वात उबदार. उन्हाळ्यात तिथे कुणी झोपत नाही, बरोबर? मग थंडीत झोपा. जुनी माणसं ऋतूप्रमाणे झोपायची जागा बदलत. आपण ‘बेडरूम’ नावाची खोली ठरवली, त्यात हलवता न येणारा पलंग घातला आणि बारा महिने तिथेच अडकलो. सासूबाईंचा पलंग डिसेंबर-जानेवारी पश्चिमेला हलवा. शून्य खर्च.

राजांगण. दिवसा घराचा जीव तो, पण रात्री आकाशाला उघडं असल्याने तिथली हवा सगळ्यांत आधी निवते. गार हवा जड, ती उंबरा ओलांडून खोल्यांत पसरते. राजांगणाकडे उघडणाऱ्या दारांना जाड पडदे लावा, चौकटीच्या वरून थेट जमिनीला टेकणारे. जमिनीपासून वीतभर वर लटकणारा पडदा शोभेचा. गारवा यायचा तो खालूनच येतो. दाराखालच्या फटीला जुन्या पँटचा पाय शिवून, त्यात वाळू नि चिंध्या भरून वळकटी करा आणि रात्री आडवी लावा. (भाताचा कोंडा भरू नका, पोरकिडे होतात.)

कौलं. उबदार हवा वर जाते आणि कौलांच्या फटींतून पसार होते. फळ्यांचा माळा किंवा सिलिंग असेल तर उत्तम. नसेल तर वाशांच्या खाली बांबूच्या तट्ट्या ठोकून घ्या. झोपायच्या एका खोलीपुरतं केलं तरी फरक पडतो.

जमीन. टाइल्सना शिव्या घालण्याआधी एक सांगतो: लाल कोबाही पायाला गारच लागायचा. टाइल आणि शेजारचा लाकडी पाट यांचं तापमान सारखंच असतं. टाइल पायातली उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड सावकाश. शेणाने सारवलेली माती मऊ-उबदार लागायची ती याच कारणाने. तेव्हा जमीन उखडू नका, तिच्यावर काहीतरी घाला. सतरंजी, काथ्याची चटई, काहीही. सगळीकडे नको, पलंगाची कड, देवघरासमोर आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, जिथे अनवाणी पाय पडतात तिथे.

जुनं_ते_सोनं

एवढं सगळं कशाला? आमची आजी रात्री मातीच्या शेगडीत करवंट्यांचे निखारे घालून खोलीत ठेवायची. दार लावलं की सकाळपर्यंत खोली गरम.

घुमट_डॉक्टर

जुनं_ते_सोनं, कृपया हा सल्ला कुणीही पाळू नये.

बंद खोलीत निखारे जळत राहिले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला डोकं जड वाटतं, झोप येते आणि तो उठत नाही. आजीच्या वेळी कौलांना फटी होत्या, खिडक्यांना काचा नव्हत्या, म्हणून निभावलं. वर चिरेबंदी सगळ्या फटी बुजवायला सांगतायत आणि त्याच खोलीत तुम्ही शेगडी ठेवायला सांगताय! दोन्ही एकत्र म्हणजे थेट धोका. शेगडी अंगणात किंवा उघड्या वसरीत, माणसं जागी असताना. झोपताना आत अजिबात नाही.

म्हाताऱ्यांसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी चांगली. पाणी उकळतं नको, पिशवी पूर्ण भरायची नाही, टॉवेलात गुंडाळायची, आणि झोपायच्या आधी अर्धा तास अंथरुणात ठेवून मग काढून घ्यायची. मधुमेह असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असते. चटका बसलेला कळतही नाही. त्यांच्यासाठी सुती मोजे बरे.

जुनं_ते_सोनं

बरं डॉक्टर, शेगडी अंगणात. पण पहाटेच्या शेकोटीला तरी परवानगी आहे ना?

वाळपईचा_वाटाड्या

आहे, पण काजूची पानं ओढून-गोळा करून पेटवू नका राव. ती बागेतच कुजू द्या, झाडाला तेच खत. आणि जानेवारी उलटला की सड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, एक ठिणगी पुरते. नारळाची सोडणं (सालं) आणि चुडतां (झावळ्या) भरपूर असतात, ती जाळा, आणि शेकोटीशेजारी पाण्याची कळशी ठेवा.

त्यापेक्षा न्हाणीतलं तांब्याचं भाण पुन्हा चालू करा. पहाटे त्याखाली दोन सोडणं सारली की आंघोळीला पाणी मिळतं आणि न्हाणीची भिंत दहा वाजेपर्यंत ऊबदार राहते. आमच्याकडे म्हातारी माणसं त्या भिंतीला पाठ लावून चहा घेतात.

पर्वरीची_गच्ची

तुम्हा जुन्या घरवाल्यांचा हेवा वाटतो. आम्ही फ्लॅटवाले, तेही सर्वात वरच्या मजल्यावर. रात्री दहाला स्लॅब तापलेला, पंखा लागतो. पहाटे पाचला उठून गोधडी शोधा. यावर काही?

चिरेबंदी

स्लॅब दिवसाचं ऊन साठवतो आणि निरभ्र रात्री आकाशाकडे सोडून देतो. थंडीत आपल्याकडे ढग नसतात, त्यामुळे तो भराभर निवतो. गच्चीवर कुंड्या, वेलींचा मांडव, निदान सावलीची जाळी असेल तर दोन्ही टोकं थोडी मऊ होतात, आणि याचा खरा फायदा तुम्हाला मे महिन्यात दिसेल.

तुमच्याकडे दक्षिणेची खिडकी आहे का? असेल तर तीच बसायची जागा करा. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर. डिसेंबराच्या शेवटी दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून 51 अंशांवरच असतो, दक्षिणेला कललेला. दोन फुटी छज्जा असला तरी त्याची सावली अडीच फूटच खाली येते, खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत शिरतं. मे महिन्याच्या सुरुवातीला तोच सूर्य डोक्यावर, मग त्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. थंडीत हवं आणि उन्हाळ्यात नको, असं आपोआप जुळून आलेलं दुसरं काही घरात नसतं. तिथे अलमारी उभी केली असेल तर हलवा.

अबोली

आता माझा प्रांत. कपडे-अंथरुणं.

पहिली गोष्ट, काहीही विकत घेण्याआधी घरातल्या ट्रंका उघडा. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यात चार महिने बंद राहिलेली रजई अंगावर घेतली की ऊब नाही, शिंका येतात. दमट कापूस गारही लागतो. दसरा-दिवाळीच्या मधल्या कडक उन्हात सगळं बाहेर काढून दोन्ही बाजूंनी तापवायला हवं. राहिलं असेल तर आताही करा, सकाळी दहा ते तीन. चारनंतर ठेवलंत तर दव धरायला लागतं. मग निवू द्या आणि आत आणा. मी डांबर गोळ्या वापरत नाही, तो वास अंथरुणाला महिनाभर सोडत नाही. कडुनिंबाची वाळलेली पानं सुती पुरचुंडीत बांधून ठेवते.

दुसरी गोष्ट, जाड विलायती ब्लँकेट घेऊ नका. रात्री अकराला ते फेकून द्यावंसं वाटतं आणि पहाटे चारला सापडत नाही. आपल्या हवेला थर हवेत: खाली चादर, वर जुन्या लुगड्यांची गोधडी, पायथ्याशी घडी केलेली एक घोंगडी. गोधडीत सुताच्या पाच-सहा थरांत हवा अडकते, तीच ऊब. आणि ती घरी धुता येते.

विकतच घ्यायची असेल तर हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी (त्यांच्या पद्धतीची गोधडी) शिवतात. कडेकडेने आत येत जाणारा धावदोरा, चारही कोपऱ्यांना कापडाची फुलं. पलंगावर नुसती पसरली तरी खोलीचा रंग बदलतो. किंमत करताना ती हाताने शिवायला किती वेळ लागतो ते आठवा, घासाघीस करू नका.

पडद्यांसाठी जुन्या सुती साड्या घ्या, मागून चादरीचं अस्तर. नवीन जाड कापडाच्या निम्म्या खर्चात. रंग विटकरी, हळदी, गडद हिरवा. पांढरा चिऱ्याच्या घरात थंडीत उदास दिसतो, असं माझं मत. पांढऱ्यावाल्यांनी भांडायला यावं.

बाल्कांव

पांढऱ्यावाला हजर, पण भांडण दिव्यावरून करतो.

मंडळी पडदे-गोधड्या बोलताहेत आणि सूनबाईंनी लिहिलेली मूळ तक्रार विसरली: संध्याकाळी सातनंतर सगळे आपापल्या खोलीत. ते थंडीमुळे नाही, दिव्यामुळे. माजघरात वर मध्यभागी एकच पांढराशुभ्र एलईडी असणार, पैज. 6500 केल्विनच्या त्या उजेडात चार माणसं बसली की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी दिसतात. तो दिवा झाडलोट करताना लावा. बसायला 2700 केल्विनचे, पिवळसर उजेडाचे, पाच-सात वॉटचे दोन-तीन दिवे. वर टांगलेले नकोत. कोनाड्यात, स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या खाली. उजेडाचं तळं जिथे पडतं तिथे माणसं येऊन बसतात.

जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या शिल्लक असतील तर त्या जपा. आतून दिवा लावला की बाहेरून आणि सकाळचं ऊन आलं की आतून, त्यांच्यासारखा मऊ प्रकाश काच देत नाही.

साखळीची_सून

काका, पैज जिंकलात. मध्यभागी एकच, पांढरा. पण तो काढला तर सासरे म्हणतात “मला अंधारी येते, पेपर दिसत नाही.”

बाल्कांव

बरोबरच आहे त्यांचं. साठीनंतर वाचायला तरुणांपेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो. पण तो पानावर हवा, छपरावर नव्हे. त्यांच्या खुर्चीशेजारी वाकवता येणारा टेबलदिवा ठेवा, हवा तर पांढराच. बाकी खोली पिवळी राहू दे. मध्यभागीचा दिवा काढू नका हो, नुसता बंद ठेवा; काढला की घरात राजकारण होतं.

तिजणप्रेमी

सगळ्यांनी लिहून झालं आणि खाण्याचं कुणीच नाही? शोभतं का गोव्यातल्या मंडळींना?

घरातली सर्वात उबदार खोली स्वयंपाकघर. रात्रीचं जेवण तिथेच पाटावर घ्या थंडीभर, मधल्या घराची समस्या निम्मी मिटते. भाताबरोबर कुळथाची पिठी, वर कोकम, आणि मासे खाणाऱ्यांना बाजूला भाजलेली सुकी सुंगटां (कोलंबी). सकाळी तिजण: नाचणी भिजवून वाटायची, फडक्यातून गाळून सत्व काढायचं, त्यात नारळाचा रस, गूळ, चिमूटभर मीठ, आणि सतत ढवळत शिजवायचं. ढवळणं थांबलं की गुठळी झालीच. घट्ट करून थापायचं नाही, वाटीतून गरम प्यायचं.

संध्याकाळी कषाय. धने, जिरे, बडीशेप, मिरी, सुंठ भाजून केलेली पूड डब्यात असली की पाच मिनिटांचं काम. गूळ आणि दूध आवडीप्रमाणे. अंगणात गवती चहा असेल तर दोन पाती. आणि 3 डिसेंबरच्या जुन्या गोव्याच्या फेस्ताहून किंवा जत्रेहून खाजं आणलंच असेल. आल्याचं ते खाजं कषायाबरोबर खाऊन बघा.

पदेराची (पाववाल्याची) वेळही साधा. सकाळी त्याचा भोंपू वाजला की गरम उंडे (गोल पाव) घ्यायला जो बाहेर पडतो त्याची थंडी तिथेच संपते.

असगावचा_शेजारी

आमच्या बाजूला कुणी परराज्यातून येऊन घर घेतलं आणि चक्क धुराड्याची फायरप्लेस बांधली. गेल्या थंडीत एकदा पेटवली, दुसऱ्या दिवशी एसी दुरुस्तीवाला आलेला. बाकी चालू द्या.

गारठलेला_नाशिककर

असगावकर 😂😂 मी शब्द मागे घेतो, धागा वाचून आता मलाच गोव्यात थंडी वाजायला लागली. कुळथाच्या पिठीची नीट कृती द्या कुणीतरी.

तिजणप्रेमी

वेगळा धागा काढते.

साखळीची_सून

सगळ्यांचे आभार. आतापर्यंत काय झालं ते सांगते.

पलंग पश्चिमेच्या खोलीत गेला. सासूबाई आधी म्हणाल्या, “ती खोली बाळंतिणीची,” आणि मग त्यांनीच सांगितलं की त्यांच्या सासूबाईही थंडीत तिथेच झोपायच्या. चिरेबंदी, तुमचा मुद्दा घरातल्याच साक्षीने सिद्ध झाला. ट्रंकेतून तीन गोधड्या निघाल्या, एकीला वाळवी लागलेली, दोन धडधाकट. राजांगणाच्या दारांना पडदे शिवायला टाकले आहेत, विटकरी. माजघरात दोन पिवळे दिवे आणि सासऱ्यांसाठी टेबलदिवा आला. काल मुलगा आपण होऊन त्या उजेडात अभ्यासाला बसला; आज मोबाइल घेऊन बसला, पण बसला तिथेच.

तट्ट्यांचं मात्र जमेल असं वाटत नाही. आमच्याकडे खेती (माकडं) रोज कौलांवरून उड्या मारतात, कौलं सरकतात. खाली तट्ट्या ठोकल्या तर फुटलेलं कौल कळणार कसं? आणि तट्टीवर उंदीर, मागोमाग साप.

आणि दुसरा प्रश्न: वसरी पूर्वेला आहे आणि सासरे तिथून हलणार नाहीत. तिथे काय?

चिरेबंदी

खेती असतील तर तट्ट्या विसरा, तुमची शंका रास्त आहे. त्याऐवजी पलंगावर सुती मच्छरदाणी लावा, नायलॉनची नको. वरून येणारा गार झोत ती बराच अडवते, अंगाभोवतीची हवा फारशी हलत नाही, आणि डास तर आहेतच. वर एक चादर टाकलीत तर आणखी बरं, मात्र बाजू मोकळ्या ठेवा.

वसरीसाठी बांबूची चिक, गुंडाळून वर घेता येईल अशी. पूर्वेकडच्या दोन खांबांमध्ये रात्री सोडायची, सकाळी ऊन खांबाला लागलं की वर. तिला आतून सुती कापडाचं अस्तर लावून घ्या, नाहीतर वारा काड्यांमधून आरपार येतो. खुर्ची चिकेजवळून काढून भिंतीला लावा आणि पायाखाली पाट द्या. माप घेताना चिक खांबांच्या बाहेर दोन्हीकडे चार-चार बोटं जाईल अशी घ्या, आतल्या मापाची घेतलीत तर कडेच्या फटींतून वारा दुप्पट जोराने येईल.

साखळीची_सून

चार बोटं, अस्तर, पाट. लिहून घेतलं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जातेच आहे, तिथे चिक बघते. सासऱ्यांनी आताच विचारलंय की चिक सोडली तर पदेर आलेला त्यांना दिसणार कसा.

बाल्कांव

भोंपू ऐकू येतो म्हणावं.